एका दप्तरातून दोन पुस्तके: फ्रेंच इतिहासातून चरित्र आणि गुन्हेकथा कशी लिहावी

फ्रान्समध्ये एकाच लेखकाने ऐतिहासिक चरित्रेही लिहावीत आणि गुन्हेकथाही लिहाव्यात, याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. अलेक्झांडर ड्युमाने ‘थ्री मस्केटियर्स’ या शिलेदारांच्या कादंबरीने नाव कमावण्याआधीच, १८३९-४० च्या सुमारास, गाजलेल्या गुन्ह्यांच्या हकिकतींची खंडमाला काढली होती आणि तिच्यात इतिहास कोठे संपतो व कादंबरी कोठे सुरू होते, हे सांगणे आजही अवघड जाते. या दोन लेखनप्रकारांचे पोषण एकाच दप्तरावर होते: जबान्या, मृत्युपत्रे, पंचनामे, कर्जरोखे आणि कोणीतरी जाळायची विसरलेली पत्रे. अशा एका दप्तरातून प्रथम चरित्र आणि मग गुन्हेकथा कशी उभी करावी, आणि हे करताना दोन्ही पुस्तकांची एकमेकांत भेसळ कशी होऊ देऊ नये, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवात व्यक्तीच्या निवडीपासून करावी. नेपोलियन किंवा चौदावा लुई यांच्यामागे नवख्याने लागू नये, कारण त्यांच्यावर लिहिलेले वाचण्यातच उमेद संपते. ज्याचा कोर्टाशी, पोलिसांशी किंवा नोटरीशी वारंवार संबंध आला अशी दुसऱ्या फळीतील व्यक्ती निवडावी, कारण सुखासमाधानाने जगलेल्या माणसाचे कागद फारसे उरत नाहीत आणि कर्जबाजारी, भांडखोर किंवा संशयित माणसाचे ढिगाने उरतात. माझी कसोटी अशी आहे की निवडलेल्या व्यक्तीविषयी तीन निरनिराळ्या हातांनी लिहिलेले, एकमेकांवर न बेतलेले समकालीन कागद मिळाले पाहिजेत. दोनच मिळत असतील तर त्यावर कथा होईल, चरित्र होणार नाही.

उदाहरण म्हणून वडील व दोन भावांना विष घालून मारल्याबद्दल देहदंड झालेल्या मार्की (नवऱ्याच्या सरदारकीवरून आलेली पदवी) द ब्रँव्हिलिये हिचे प्रकरण घेऊ. मारी-मादलेन दोब्रे ही १६३० साली पॅरिसमधील एका वजनदार न्यायाधिकाऱ्याच्या घरी जन्मली आणि १६५१ मध्ये तिचे लग्न झाले. पुढे गोदँ द सँत-क्रुआ या लष्करी अधिकाऱ्याशी तिचे संबंध जुळले. वडिलांनी १६६३ मध्ये राजाच्या मोहरेचे बंद पत्र (खटल्याविना कैदेत टाकण्याचा हुकूम) मिळवून त्याला काही आठवडे बास्तीय तुरुंगात टाकले. वडील १६६६ मध्ये वारले, दोघे भाऊ १६७० मध्ये गेले, सँत-क्रुआ ३० जुलै १६७२ रोजी मेला आणि त्याच्या मागे सापडलेल्या एका पेटीमुळे सगळे उघडकीस आले. भावांच्या घरी चाकरी केलेल्या ला शोसे याला १६७३ मध्ये चाकावर हाडे मोडून मारण्यात आले. मार्की इंग्लंडमार्गे पळाली, मार्च १६७६ मध्ये लिएझ येथील एका मठात पकडली गेली आणि १७ जुलै १६७६ रोजी पॅरिसच्या प्लास द ग्रेव्ह येथे तिचा शिरच्छेद करून देह जाळण्यात आला. खून, वारसा, प्रेमप्रकरण आणि फरारी असे सगळेच त्यात आहे. म्हणूनच हे प्रकरण धोक्याचे आहे, कारण इतक्या रंगीत कथेत कागद पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

आता कागद कोठे मिळतात ते पाहू. फ्रान्सचे राष्ट्रीय दफ्तरखाने क्रांतीच्या काळात स्थापन झाले. आज त्यांचा एक भाग पॅरिसच्या मारे भागातील जुन्या वाड्यांत आहे आणि दुसरा शहराच्या उत्तरेस पिएरफित येथे २०१३ मध्ये उघडलेल्या इमारतीत आहे. बास्तीयचे दप्तर १४ जुलै १७८९ रोजी लुटले गेले होते. त्यातले जे हाती लागले ते आज आर्सेनाल ग्रंथालयात आहे, आणि त्यातील बरेच एकोणिसाव्या शतकात छापूनही झाले. राष्ट्रीय ग्रंथालयाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या गालिका या संकेतस्थळावर असे छापील खंड, जुनी वृत्तपत्रे आणि काही हस्तलिखिते फुकट वाचता येतात. घरबसल्या सुरुवात करणाऱ्याने पहिले काही महिने तेथेच काढावेत.

पॅरिसच्या माणसाचा जन्म किंवा लग्न शोधताना मात्र एक गोष्ट आधी माहीत असावी, नाही तर उगाच हेलपाटे होतात. मे १८७१ मध्ये कम्यूनच्या (पॅरिसमधील बंडखोर सत्तेच्या) अखेरच्या दिवसांत नगरभवन आणि न्यायमंदिर या दोन्ही इमारतींना आगी लागल्या आणि पॅरिसच्या जुन्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदींची मूळ प्रत व दुय्यम प्रत दोन्ही जळाल्या. नंतर चर्चच्या वह्या आणि घरोघरची कागदपत्रे गोळा करून सुमारे एक तृतीयांश नोंदी पुन्हा उभ्या केल्या गेल्या. त्यामुळे पॅरिसकराच्या बाबतीत नोंदवहीचा हट्ट न धरता नोटरीच्या दस्तांकडे वळावे. १९२८ च्या कायद्यानंतर शहरातील नोटऱ्यांचे जुने दस्त राष्ट्रीय दफ्तरखान्यात एकत्र येऊ लागले. लग्नाचे करारपत्र, घरभाडे, कर्ज आणि मृत्यूनंतर घरातील चीजवस्तूंची केलेली मोजदाद हे सगळे तेथे असते. ही मोजदाद म्हणजे चरित्रकाराच्या हाती लागलेली किल्लीच असते. मोजणारा खोलीमागून खोली फिरतो, पलंगाचा पडदा कोणत्या रंगाचा, आरसा फुटका की धड, चांदी किती वजनाची, हे लिहून प्रत्येकाची किंमत घालतो. मेलेल्या माणसाची खुशामत करण्याचे त्याला काहीच कारण नसते, आणि नेमक्या याच कारणासाठी त्याच्यावर भरवसा ठेवता येतो.

हस्ताक्षराची अडचण मोठी आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच कारकुनी अक्षर पहिल्यांदा पाहताना, बाळबोध येणाऱ्या माणसाला मोडीचा कागद पाहून जे वाटते तेच वाटते: भाषा ओळखीची, पण शब्द एकही लागत नाही. छापील मजकूर उपलब्ध असलेला एखादा मूळ कागद शेजारी ठेवून, एकेक अक्षर ताडून पाहण्याचा सराव करावा. दुसरा कोणताही जवळचा मार्ग मला सापडलेला नाही.

पैसा, तारीख आणि हुद्दा या तीन ठिकाणी परकीय लेखकाची फसगत ठरलेली. राज्यक्रांतीपूर्वीचा हिशेब लिव्हर, सू आणि दनिए यांत चालतो. एका लिव्हरचे वीस सू आणि एका सूचे बारा दनिए. रक्कम आजच्या युरोमध्ये फिरवून सांगण्याच्या फंदात पडू नये. त्याऐवजी त्याच दप्तरात एखाद्या मोलकरणीचा वर्षाचा पगार सापडला तर तो शेजारी ठेवावा, वाचकाला आपोआप अंदाज येतो. तारखांचे म्हणाल तर फ्रान्सने डिसेंबर १५८२ मध्ये नवी कालगणना घेतली आणि त्या महिन्यात ९ तारखेनंतर एकदम २० तारीख आली. शेजारच्या इंग्लंडने मात्र ती १७५२ पर्यंत घेतली नाही, त्यामुळे मार्कीच्या इंग्लंडमधील मुक्कामाविषयीच्या पत्रांत दहा दिवसांचा फरक निघतो. क्रांतीच्या काळात तर महिन्यांची नावेच बदलली आणि १ जानेवारी १८०६ पर्यंत तीच अधिकृत राहिली. आठव्या वर्षाच्या ब्र्युमेर महिन्याची १८ तारीख म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९, असे प्रत्येक वेळी कोष्टक पाहूनच लिहावे, तोंडी हिशेब करू नये.

हुद्द्यांच्या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. मार्कीच्या वडिलांच्या मृत्यूवरील एका मसुद्यात मी पॅरिसचे पोलीसप्रमुख ला रेनी यांना खुशाल त्यांच्या दारात उभे केले होते. वडील वारले १६६६ मध्ये आणि पोलीसप्रमुखाचे ते पदच निर्माण झाले मार्च १६६७ मध्ये. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की त्याआधी शहराच्या बंदोबस्ताचे बरेचसे काम ज्या दिवाणी न्यायाधिकाऱ्याकडे असे, ते अधिकारी म्हणजे खुद्द मार्कीचे वडील होते. म्हणजे मी मृताच्या दारात त्याच्याच कामाचा वारसदार पद निर्माण होण्याआधीच आणून उभा केला होता. तेव्हापासून प्रत्येक पदापुढे ते कधी निर्माण झाले आणि कधी बंद झाले, हे लिहिल्याशिवाय मी ते नाव मजकुरात येऊ देत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एक वही घ्यावी आणि प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे कागद जे सांगतो तेवढेच लिहावे, कोणता कागद आणि कोणाच्या हातचा यासह. उजवीकडे कागद जे सांगत नाही ते लिहावे, शक्यतो प्रश्नाच्या रूपाने. चरित्र डाव्या बाजूतून लिहायचे आणि कादंबरी उजव्या बाजूतून. रेघ ओलांडायची नाही.

पेटीचे पान कसे दिसते पाहा. डावीकडे: सँत-क्रुआ कर्जात बुडालेला होता, म्हणून तो मरताच त्याच्या वस्तूंना सरकारी मोहोर लागली, मोहोर उघडून यादी करताना एक पेटी सापडली, तिच्यावरील चिठ्ठीत विनंती होती की ही पेटी न्यव्ह-सँ-पोल रस्त्यावर राहणाऱ्या मार्की द ब्रँव्हिलिये हिच्याच हाती द्यावी, आत पत्रे, पैशाचे कागद आणि बाटल्या-पुड्या होत्या, आतला पदार्थ जनावरांना घालून पाहिला आणि ती मेली, मार्कीने पेटी परत मिळवण्यासाठी खटपट केली. उजवीकडे: मरणाऱ्याने ही चिठ्ठी प्रेमाने लिहिली की धमकी म्हणून जपून ठेवली? त्या खोलीत बाटल्यांकडे पाहून हे औषध नव्हे असे पहिल्यांदा कोणाच्या मनात आले? कर्ज नसते तर मोहोर लागली नसती, मोहोर लागली नसती तर पेटी कोणीतरी गुपचूप पोहोचती केली असती. मग हे खून उघडकीस आले ते न्यायामुळे की सावकारांमुळे? हा शेवटचा प्रश्न उजव्या बाजूला पडला असला तरी माझ्या मते संपूर्ण कादंबरीचा कणा तोच आहे.

दुसरे पान त्याहून नाजूक आहे. सँत-क्रुआ १६६३ मध्ये बास्तीयमध्ये होता आणि त्याच सुमारास एक्झिली नावाचा, विषांविषयी ख्याती असलेला इटालियनही तेथे कैदेत होता, हे डाव्या बाजूला येते. एक्झिलीने त्याला विषविद्या शिकवली हे मात्र सर्रास लिहिले जात असले तरी उजव्याच बाजूला राहते. सँत-क्रुआ भट्टीवर विष उकळताना काचेचा मुखवटा फुटून मेला, ही हकिकत तर उजव्या बाजूलाही घेऊ नये असे मला वाटते. ती इतक्या जणांनी वापरली आहे की तिच्यातला धूर केव्हाच विरून गेला आहे, आणि तो बराच काळ आजारी होता ही साधी गोष्ट कथेच्या दृष्टीने अधिक कामाची आहे: आजारी माणसाला पेटी जाळायला वेळ होता, तरी त्याने ती जाळली नाही.

साक्षीदारांची प्रतवारी करताना बखर आणि अस्सल कागद यांतला मराठी वाचकाला परिचित असलेला भेद येथेही पाळावा. नंतर लिहिलेल्या आठवणी बखरीच्या रांगेत बसवाव्यात, त्या कितीही सुरस असल्या तरी. समकालीन पत्र वरच्या रांगेत येते, पण तेही पत्रलेखकाने स्वतः काय पाहिले हे तपासूनच. पत्रलेखनासाठी गाजलेल्या मादाम द सेव्हिन्ये हिने मार्कीच्या देहदंडाच्या दिवशीच मुलीला लिहिलेले पत्र जगप्रसिद्ध आहे. देह जाळून राख वाऱ्यावर गेली, आता सारे पॅरिस तिला श्वासावाटे आत घेणार, अशा आशयाचा त्यातला गडद विनोद प्रत्येक पुस्तकात येतो. त्याच पत्रात ती कबूल करते की नोत्र-दाम पुलावर गर्दीत उभे राहून तिला दिसली ती फक्त मार्कीची टोपी. म्हणजे या विषयावरचा सर्वांत गाजलेला साक्षीदार प्रत्यक्षात एका टोपीचा साक्षीदार आहे. उलट पिरो हा धर्मपंडित अखेरच्या काळात तिच्यासोबत होता आणि त्याने सविस्तर वृत्तांत लिहून ठेवला. पण या पापिणीचा उद्धार झाला अशी त्याची खात्री पटलेली होती आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला त्या खात्रीचा रंग आहे. छळ करून घेतलेला कबुलीजबाब या सर्वांच्या खाली ठेवावा. त्या काळच्या फ्रेंच न्यायात छळ हा चौकशीचा कायदेशीर भाग होता आणि त्याचे दोन्ही प्रकार (कबुलीसाठीचा आणि देहदंडाआधी साथीदारांची नावे काढण्यासाठीचा) १७८० व १७८८ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद झाले, तोपर्यंतच्या प्रत्येक जबानीत हे ध्यानात धरावेच लागते.

चरित्र लिहिताना घटनाक्रम सरळ ठेवावा आणि नायिकेच्या मनात काय आले हे सांगण्याचा मोह टाळावा. ‘तिला वाटले असावे’ हे वाक्य एका प्रकरणात एकदा खपते, तिसऱ्यांदा आले की वाचक ओळखतो की लेखकाजवळचा कागद संपला. कागद संपला असेल तर तसे सांगून पुढे जावे. भावांच्या मृत्यूनंतर देहांची तपासणी झाली आणि विषाचा संशय व्यक्त झाला, तरी सिद्ध काही करता आले नाही, एवढे सांगणे पुरे असते. त्यावर वैद्यांच्या कुजबुजीचा प्रसंग रचणे हे दुसऱ्या पुस्तकाचे काम आहे. भाग्य म्हणजे या स्त्रीचा चेहराही आपल्याला पाहता येतो: राजचित्रकार ल ब्रँ याचे, वधस्थानाकडे जाणाऱ्या मार्कीचे म्हणून ओळखले जाणारे रेखाचित्र लुव्ह्रमध्ये आहे. त्याचे वर्णन करताना डोळ्यांतला भाव वाचण्याऐवजी रेघ कोठे दाबली आहे हे सांगावे.

चरित्र पूर्ण झाल्यावरच कादंबरीला हात घालावा. क्रम उलटा केला तर आपणच रचलेला प्रसंग काही महिन्यांनी आपल्याला खरा वाटू लागतो, आणि तो चरित्रात केव्हा शिरला हे कळत नाही. कादंबरीची पहिली अडचण अशी की खुनी कोण हे पहिल्या पानापासून सर्वांना ठाऊक असते. म्हणून रहस्य ‘कोणी केले’ यावर न बेतता ‘हे सिद्ध कसे होणार’ यावर बेतावे, आणि येथे त्या काळाचे अज्ञान लेखकाच्या मदतीला येते. देहातील आर्सेनिक खात्रीने दाखवणारी मार्शची चाचणी १८३६ मधली आहे आणि फ्रान्समध्ये ती गाजली नवऱ्याला विष घातल्याच्या १८४० च्या लाफार्ज खटल्यात. गुन्हेगार ओळखण्यासाठीची बेर्तियोंची देहमापनाची पद्धत १८८२ पासूनची, फ्रान्समध्ये बोटांच्या ठशांवरून खुनी पकडण्याची गोष्ट १९०२ ची. यातले काहीही १६७२ च्या शोधकाकडे नव्हते. त्याच्याकडे होते एक कबूतर किंवा मांजर, शेजाऱ्यांच्या गप्पा आणि सावकारांची यादी. या तुटपुंज्या साधनांनीच त्याला पुढे जाऊ द्यावे. आधुनिक मनाचा, काळाच्या पुढचा गुप्तहेर सतराव्या शतकात सोडणे हा या प्रकारातला सर्वांत सोपा आणि सर्वांत कंटाळवाणा उपाय आहे.

कथेचा नायक ऐतिहासिक व्यक्तींमधून न घेता कागदाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांतून घडवावा. पेटीची यादी करताना कोणीतरी दौत धरली असेल, कोणीतरी बाटल्या मोजल्या असतील. असा एखादा कारकून कल्पनेने उभा केला तर त्याला घाबरता येते, चुकता येते, लाच खाता येते आणि इतिहासाची एकही तारीख हलवावी लागत नाही. तारखा, मृत्यू आणि निकाल हे तीन हलवू नयेत; संवाद, हवामान, नोकरचाकर आणि मनातले विचार आपले. शेवटी एका पानाची टीप जोडून कोणती पात्रे कल्पित आहेत हे नावानिशी सांगावे.

आजच्या फ्रान्समध्ये घडणारी गुन्हेकथा लिहायची असेल तर तपासाची पद्धत तेथील कायद्याप्रमाणे हवी. गंभीर गुन्ह्याच्या तपासाची सूत्रे तपासन्यायाधीशाकडे असतात, संशयिताला चौकशीसाठी ठेवण्याची साधारण मुदत चोवीस तासांची असून ती वाढवता येते, आणि पॅरिसच्या गुन्हेशाखेने के देझ-ओर्फेव्ह्र येथील जुने ठाणे २०१७ मध्ये सोडले आहे. १९४६ पासून त्या जुन्या पत्त्याच्या नावाने अप्रकाशित गुन्हेकादंबरीला पुरस्कार दिला जातो आणि परीक्षक पोलीस व न्यायव्यवस्थेचे चित्रण बरोबर आहे का हेही पाहतात. तेथे अमेरिकी चित्रपटांतून उचललेले कोर्ट चालत नाही.

कायद्याचे दोन मुद्दे थोडक्यात. फ्रान्समध्ये लेखनाचा आर्थिक हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे टिकतो, म्हणून विसाव्या शतकातील खासगी पत्रे छापताना वारसांची परवानगी लागू शकते, पत्र आपल्या मालकीचे असले तरी. आणि पोलीस व न्यायालयीन तपासाची दप्तरे साधारणतः पंच्याहत्तर वर्षे बंद असतात, अल्पवयीनांच्या बाबतीत शंभर. सतराव्या शतकात काम करणाऱ्याला यातले काहीच आडवे येत नाही, हे त्या शतकाचे एक जमेचे अंग आहे.

शेवटी रेघ कोठे काढायची याचे एक टोकाचे उदाहरण. मार्कीनंतर तीन वर्षांनी विषप्रकरणांची मोठी चौकशी सुरू झाली. खास न्यायमंडळ १६७९ ते १६८२ पर्यंत बसले, ३६ जणांना देहदंड झाला आणि जबान्यांमध्ये राजाच्या प्रेयसीचे, मादाम द माँतेस्पाँ हिचे नाव आले. चौदाव्या लुईने ते कागद बाजूला काढून ठेवले आणि ला रेनी जून १७०९ मध्ये वारल्यानंतर, १३ जुलै रोजी, जाळून टाकले. ला रेनींची स्वतःची टिपणे मात्र वाचली आणि आपल्याला जे कळते ते त्यांतून. चरित्रात येथे एवढेच लिहावे: कागद कोणत्या दिवशी जळाले, कोणाच्या हुकमाने, आणि आज काय शिल्लक आहे. कादंबरी त्याच दिवशी, त्याच राजवाड्यात, ऐन जुलैच्या उकाड्यात शेगडी पेटवायला सांगितलेल्या नोकरापासून सुरू करता येते.